नामांकित कंपनीचा ६९,९०० रुपयांचा लॅपटॉप आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या घराला परवडेल का?

देवगडची बागायतदार

नमस्कार मंडळी,

माझ्या मुलीला यंदा रत्नागिरीला बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला असून ती वसतिगृहात राहणार आहे. तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे आणि त्यासाठी आम्ही ७०,००० रुपये बाजूला काढून ठेवले आहेत. या रकमेच्या पलीकडे जाणे आम्हाला शक्य नाही, कारण यंदा मोहोर उशिरा आला आणि पेट्यांची संख्या नेहमीपेक्षा बरीच कमी भरली.

ॲपल कंपनीने मार्च २०२६ मध्ये मॅकबुक निओ नावाचा लॅपटॉप आणला आणि त्याची किंमत ६९,९०० रुपयांपासून सुरू होते, हे कळल्यापासून मुलीचे मन त्यावर बसले आहे. इतक्या मोठ्या कंपनीचे यंत्र आपल्या ऐपतीत येईल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. दुसरीकडे कणकवलीच्या दुकानदाराने विंडोजवर चालणारा, १६ जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) आणि ५१२ जीबी साठवण असलेला एक लॅपटॉप ६२,००० रुपयांना देऊ केला आहे. निओमध्ये ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण आहे. कागदावरचे आकडे पाहिले तर दुकानदाराचा लॅपटॉप सरस दिसतो, परंतु नुसत्या आकड्यांवर निर्णय घ्यावा की नाही, हे मला ठरवता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आंब्याचा आणि थोड्याफार पल्पचा आमचा हिशेब घरच्या जुन्या डेस्कटॉपवर टॅलीमध्ये असतो. त्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे आणि त्याचा प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ त्यावर चढत नाही. मे महिन्यात मुलगी सुट्टीला घरी आली की हिशेबाचे काम तिच्याच लॅपटॉपवर उरकावे, असा माझा विचार होता. आमचे घर समुद्रापासून फार लांब नाही आणि पावसाळ्यात वीज कधी कधी दोन दोन दिवस येत नाही. हे सगळे लक्षात घेता पैसे कोठे घालणे योग्य ठरेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

रत्नागिरीचा दुरुस्तीवाला

ताई, मी गेली १४ वर्षे रत्नागिरीत लॅपटॉप दुरुस्त करतो, म्हणून यंत्र उघडल्यावर आतून जे दिसते त्याबद्दलच लिहितो.

आपल्याकडे लॅपटॉप बिघडण्याची कारणे पुण्या-नाशिकपेक्षा वेगळी आहेत. तिकडे धूळ आणि उष्णता त्रास देते, इकडे खारा वारा. हवेतले मिठाचे सूक्ष्म कण बोर्डावर बसतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्या ओल्या थरातून वीज वाहू लागते. मागच्या जुलैमध्ये भाट्ये किनाऱ्याजवळच्या एका घरातून लॅपटॉप आला होता. चार्ज होत नाही, एवढीच तक्रार होती. भिंगाखाली धरल्यावर चार्जिंगच्या टाइप-सी खाचेत हिरवट-पांढरा थर दिसला. त्या इवल्याशा खाचेत २४ संपर्कबिंदू असतात आणि दोन बिंदूंमधले अंतर अर्धा मिलिमीटर असते. त्यांपैकी चार बिंदू खाऊन गेले होते आणि दोन एकमेकांना जोडले गेले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केल्यावरही उपयोग झाला नाही, शेवटी खाचच बदलावी लागली. मालकाने लॅपटॉपवर पाण्याचा थेंबही सांडला नव्हता. मात्र तो रात्रंदिवस चार्जरला जोडून खिडकीशी ठेवलेला असे, आणि वीज चालू असताना ओल आली की धातू फार वेगाने झिजतो.

या दृष्टीने पाहिले तर निओची एक बाजू खरोखर भक्कम आहे. त्यात पंखा नाही. पंखा असलेला लॅपटॉप दिवसभर बाहेरची हवा आत ओढतो, म्हणजे आपल्या घरात तो खारा ओलावाच आत भरत असतो. किनाऱ्यावरच्या घरांतले पंखे उघडले तर पात्यांवर चिकट काळा थर बसलेला असतो आणि उष्णता बाहेर नेणाऱ्या पट्ट्यांना पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. बिनपंख्याच्या यंत्रात हा प्रकार पुष्कळ कमी होतो. शिवाय त्याचे अंग ॲल्युमिनियमचे आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरी प्लास्टिकमध्ये बसवलेली असते, आणि दोन-तीन वर्षांनी झाकण उघडताना ती जागा उलते. माझ्याकडे येणाऱ्या कामात अशा बिजागऱ्या बऱ्याच असतात.

आता दुसरी बाजू. निओची रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही. कोणाही कारागिराला ते जमणार नाही. म्हणून आज ८ जीबी घेतली की पदवी पूर्ण होईपर्यंत ८ जीबीच राहणार, हे गृहीत धरूनच पैसे द्यावेत. दुरुस्तीसाठी अधिकृत केंद्र कोठे आहे, हेही आधी पाहावे. कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकला की जवळचे केंद्र कळते. साध्या हमीमध्ये पाण्याने किंवा ओलाव्याने झालेले नुकसान धरत नाहीत, त्यासाठी ॲपलकेअर प्लस ही कंपनीची जादा हमी वेगळी घ्यावी लागते आणि तेव्हा ७०,००० रुपयांची मर्यादा ओलांडली जाते. विंडोजच्या लॅपटॉपला काही कंपन्या घरी येऊन दुरुस्ती करून देतात, परंतु ती सोय देवगडच्या पिनकोडला लागू आहे का, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे.

धातूच्या लॅपटॉपबद्दल एक सूचना देतो. आपल्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडे पडते. अशा वेळी किंवा दोन पिनांच्या चार्जरवर काम करताना झाकणावर हात फिरवला तर हलक्या झिणझिण्या जाणवतात. त्याने लोक घाबरतात. तीन पिनांची वायर वापरली आणि अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घातले की त्या थांबतात.

कुडाळचा करसल्लागार

मी फक्त टॅलीपुरते लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाची खरी अडचण तिथेच आहे.

टॅलीप्राइम हे विंडोजसाठी बनवलेले आहे. मॅकवर, म्हणजे ॲपलच्या संगणकावर, ते थेट बसत नाही. मॅकवर आभासी यंत्रात (संगणकाच्या आतच चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात) विंडोज चालवून त्यात टॅली उघडता येते, असे कोणी सांगेल, परंतु एकाच ८ जीबी रॅममध्ये मॅकची प्रणाली आणि विंडोज अशी दोन बिऱ्हाडे थाटली तर दोन्हीही रखडतात. क्लाउडवरची टॅली भाड्याने घेता येते, पण तिचे भाडे दरवर्षी भरावे लागते आणि तिला इंटरनेट लागते, आणि तुमच्याकडे दोन दिवस वीज नसेल तेव्हा इंटरनेटची शाश्वती काय असेल, हे तुम्हीच चांगले जाणता. ई-निविदा किंवा कंपनीच्या कामांसाठी डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल लागतो, त्याचीही मॅकवर बरीच झटापट करावी लागते. तुमचा व्यवसाय एकट्याच्या मालकीचा असेल तर जीएसटीचे विवरणपत्र मोबाइलवरच्या ओटीपीने भरता येते, त्यामुळे ती चिंता तूर्त नको.

दुकानदार कदाचित म्हणेल की बिल धंद्याच्या नावाने करा, १८ टक्के जीएसटी परत मिळेल. ६९,९०० रुपयांत १०,६६३ रुपये कराचे आहेत, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, आणि करमुक्त मालासाठी वापरलेल्या खरेदीचे क्रेडिट मिळत नाही. पल्पच्या विक्रीच्या प्रमाणात थोडे मिळू शकले असते, मात्र लॅपटॉप वर्षातले अकरा महिने मुलीच्या शिक्षणासाठी रत्नागिरीत राहणार असेल तर तो धंद्याची खरेदी म्हणून दाखवणे योग्य नाही. माझा स्पष्ट सल्ला असा की बिल मुलीच्या किंवा तुमच्या व्यक्तिगत नावाने करावे.

विंडोज १० साठीची नियमित सुरक्षा अपडेट्स मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. त्यानंतर घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव सुरक्षा सुविधा आहे, ती ऑक्टोबर २०२६ मध्ये संपेल. म्हणजे डेस्कटॉपचा प्रश्न तुम्हाला येत्या हंगामापूर्वी सोडवावाच लागेल.

दापोलीची शिक्षिका

मी २०२१ पासून मॅकबुक एअर वापरते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला, एम१ चिपचा आणि ८ जीबी रॅमचाच. त्यामुळे ८ जीबीबद्दल मी अनुभवाने बोलू शकते.

पहिली चार वर्षे मला रॅम कमी आहे असे एकदाही जाणवले नाही. प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, मराठी टंकलेखन, ऑनलाइन वर्ग हे सारे विनातक्रार झाले. रॅम भरली की मॅकची प्रणाली आतला मजकूर दाबून लहान करते आणि उरलेला एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या भागावर ठेवते. ती एसएसडी वेगवान असल्याने माणसाला थांबल्यासारखे वाटत नाही. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत जोडायला बसले तेव्हा मात्र ती रंगीत चकती फिरू लागली. ब्राउझरच्या वीस-पंचवीस खिडक्या उघड्या ठेवून चित्रफितीचे काम करणे त्याला झेपले नाही. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली नवी प्रणाली माझ्या या जुन्या यंत्रावर व्यवस्थित बसली आणि आजही ते एका चार्जवर शाळेचा पूर्ण दिवस काढते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि माझा तेव्हाचा लॅपटॉप दोन तासांत बंद पडायचा. त्या आठवणीमुळे मी बॅटरीला फार महत्त्व देते, आणि निओबद्दल कंपनी १६ तासांचा दावा करते, तो प्रत्यक्षात बराच कमी भरला तरी पुरेसा आहे.

परंतु एक गोष्ट मला खटकते आणि ती मी स्पष्टपणे लिहिते. ॲपलनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये एअरची किमान रॅम ८ वरून १६ जीबी केली. मार्च २०२५ मध्ये आलेला एम४ चिपचा एअर ९९,९०० रुपयांपासून होता आणि त्यात सर्वांत स्वस्त प्रकारातही १६ जीबी होती. निओमध्ये तीच कंपनी पुन्हा ८ जीबीवर आली आहे. त्यातला ए१८ प्रो हा प्रोसेसर सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ प्रोमध्ये आला होता. तो कमी वेगाचा आहे असे मुळीच नाही, आणि रोजच्या कामात माझ्या एम१ ला तो मागे टाकेल. किंमत कमी करण्यासाठी जे जे काढले आहे ते कोणाला चालेल आणि कोणाला नाही, हा खरा मुद्दा आहे.

उदाहरणार्थ, निओच्या किबोर्डखाली दिवा नाही. वसतिगृहात खोलीतल्या मैत्रिणी झोपल्यावर किंवा वीज गेल्यावर अंधारात टंकलेखन करायचे तर पडद्याच्या उजेडावरच भागवावे लागेल. ६९,९०० च्या प्रकारात बोटाचा ठसा घेणारे बटण नाही, ते ५१२ जीबीच्या महाग प्रकारात मिळते. दोन टाइप-सी खाचांपैकी एक वेगवान आहे आणि दुसरी सेकंदाला ४८० मेगाबिट एवढ्याच वेगाची आहे. २५६ जीबी भरल्यावर मुलगी बाहेरची डिस्क लावेल, तेव्हा कोणत्या खाचेत लावली यावर तिचा अर्धा तास वाचेल किंवा जाईल. या उलट पडदा पाहा. ५०० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचे माप) प्रकाश असलेला इतका स्वच्छ पडदा ६२,००० च्या विंडोज लॅपटॉपमध्ये सहसा नसतो, तिथे बहुधा २५० ते ३०० निट्सचा फिकट पडदा लावलेला असतो. ओटीवर किंवा खळ्यात दुपारी बसून काम करायचे झाले तर हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

माझ्या मुलीसाठी असते आणि ती कलाशाखेत किंवा वाणिज्य शाखेत असती, तर मी डोळे मिटून निओ घेतला असता. संगणकशास्त्रासाठी मात्र आधी अभ्यासक्रम हातात घ्या.

रत्नागिरीतील विद्यार्थी, तृतीय वर्ष संगणकशास्त्र

काकू, मी याच शाखेत आहे. सी, सी++, पायथन, जावा या भाषा आणि पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस हे सर्व मॅकवर उत्तम चालते, त्यामुळे पहिल्या वर्षी काहीच अडचण येणार नाही. दुसऱ्या वर्षापासून आम्हाला आभासी यंत्रात लिनक्स चालवावे लागले आणि तिसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी अँड्रॉइडचा एम्युलेटर (संगणकावर फोनची नक्कल करणारा प्रोग्राम) लागला. माझ्या वर्गमित्राकडे ८ जीबीचा विंडोज लॅपटॉप होता. एम्युलेटर सुरू केला की त्याला ब्राउझर बंद करावा लागे, आणि शेवटी त्याने दुसऱ्या खाचेत आणखी ८ जीबीची पट्टी बसवून घेतली. निओमध्ये तो मार्ग नाही. ज्या विषयांना मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ हे प्रोग्रामिंगचे साधन लागते तिथेही अडेल, कारण त्याची मॅकवरची आवृत्ती ३१ ऑगस्ट २०२४ पासून बंद झाली. प्रत्येक महाविद्यालयात हे विषय सारखे नसतात, म्हणून विभागात जाऊन विचारावे.

देवगडची बागायतदार

सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार.

काल मी आणि मुलगी प्रवेशाच्या कागदपत्रांसाठी रत्नागिरीला गेलो होतो, तेव्हा विभागातल्या मॅडमना भेटलो. दुसऱ्या वर्षी आभासी यंत्रांवर प्रात्यक्षिके असतात आणि एक विषय पूर्णपणे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर शिकवला जातो, असे त्यांनी अभ्यासक्रम उघडून दाखवले. प्रयोगशाळेत संगणक आहेत, परंतु एका संगणकावर दोघे बसतात आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा बंद असते.

येताना बसमध्ये मुलीशी शांतपणे बोलले. निओ चांगला नाही असे मी तिला सांगितले नाही, कारण ते खरे ठरले नसते. पंखा नसणे, बॅटरी, पडदा, धातूचे अंग, या गोष्टी आपल्या हवेत मोलाच्या आहेत हे मलाही तुमच्यामुळेच कळले. पण आम्ही एका यंत्राकडून दोन कामे मागत होतो, तिचा अभ्यास आणि घरचा हिशेब, आणि त्या दोन्ही कामांत निओ नेमका जिथे बंद आहे तिथेच आम्हाला दार उघडे हवे आहे. तिला वाईट वाटले, हे मी लपवत नाही. बराच वेळ ती खिडकीबाहेरच पाहत होती. मग तिनेच विचारले की विंडोजचा घ्यायचा तर त्याचा पडदा तरी चांगला बघून घेऊ या का. उरलेल्या ८,००० रुपयांत दुकानदाराकडे ४०० निट्सच्या पडद्याचा आणि धातूच्या झाकणाचा दुसरा एक प्रकार आहे, तो ६७,५०० रुपयांना मिळेल असे त्याने फोनवर सांगितले. हिशेबासाठी दिवाळीपर्यंत डेस्कटॉप वापरू आणि नंतर टॅली लॅपटॉपवर घेऊ.

दुरुस्तीवाल्या दादांना एकच विचारायचे आहे. दुकानात यंत्र हातात घेतल्यावर मी नेमके काय तपासू, आणि पावसाळ्यात ते कसे सांभाळू?

रत्नागिरीचा दुरुस्तीवाला

ताई, दुकानात लॅपटॉप सुरू करून घ्या आणि टास्क मॅनेजर उघडा. त्यात परफॉर्मन्स या भागात मेमरी निवडली की उजव्या बाजूला खाली वापरलेल्या खाचांची संख्या दिसते. तिथे दोनपैकी एक वापरात असे दिसले तर पुढे रॅम वाढवता येईल. त्याच ठिकाणी फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ (चिपांची रांग) असा उल्लेख दिसला, तर रॅम बोर्डावरच जोडलेली आहे, आणि मग हाच लॅपटॉप घेण्याचा आग्रह धरू नका. ६७,५०० देऊनही तुम्ही निओसारख्याच बंद दारापाशी याल. झाकण एका बोटाने एका कोपऱ्यातून उघडून पाहा, बिजागरीपाशी अंग वाकत असेल तर दुसरा नग मागा.

पावसाळ्यात लॅपटॉप खिडकीशी ठेवू नका आणि चार्ज पूर्ण झाला की वायर काढा. वापर नसेल तेव्हा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या घालून त्यात ठेवा. पुड्यांचे मणी निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर कोरड्या तव्यात हलकेच परतून पुन्हा वापरता येतात, फक्त तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. यंत्र आठवडाभर बंद ठेवण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी तासभर चालू ठेवलेले बरे, कारण आतल्या उबेने ओल निघून जाते. ऑगस्ट संपला की मुलीला माझ्याकडे पाठवा, पंखा आणि खाचा उघडून साफ करून देतो.